लोखंडाचा हिशेब

आपल्या वस्तीच्या नाक्यावर दोन खांबांच्या मध्ये एक मोठी लोखंडी पेटी बसवलेली असते. लोक तिला डीपी म्हणतात. पुस्तकात तिचे नाव रोहित्र किंवा ट्रान्सफॉर्मर असे लिहिलेले असते. रात्री सगळीकडे सामसूम झाली की तिच्यातून घूं घूं असा बारीक आवाज ऐकू येतो. ही पेटी दिवसरात्र थोडी गरमही असते. तिच्या जवळ मात्र कधी जाऊ नये. तेथे जिवाला धोका असतो.

या पेटीच्या आत काय असते? तारांची वेटोळी असतात आणि त्या वेटोळ्यांच्या मधोमध लोखंडाचा एक गाभा असतो. एका वेटोळ्यातील विजेमुळे गाभ्यात चुंबकत्व निर्माण होते. ते चुंबकत्व गाभ्यातून दुसऱ्या वेटोळ्यापर्यंत पोहोचते आणि तेथे पुन्हा वीज निर्माण करते. तारांवर आवरण असते, म्हणून तारांतील वीज गाभ्यात शिरत नाही. मग तो गाभा गरम का होतो? त्यात किती वीज वाया जाते? कोणते लोखंड वापरले तर ती कमी वाया जाईल?

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नांचा पक्का हिशेब एका माणसाने मांडला. तो माणूस जेमतेम चार फूट उंच होता. त्याच्या पाठीला कुबड होते आणि तो लंगडत चालत असे. त्याचे नाव चार्ल्स स्टाइनमेट्झ.

स्टाइनमेट्झ यांचा जन्म 9 एप्रिल 1865 रोजी ब्रेस्लाऊ या शहरात झाला. हे शहर तेव्हा जर्मन लोकांच्या प्रशिया राज्यात होते. आज ते पोलंड देशात आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. आईवडिलांनी मुलाचे नाव कार्ल ठेवले. वडील रेल्वेच्या छपाई विभागात काम करत. घरची परिस्थिती साधारण होती. कार्ल जेमतेम एक वर्षाचा असतानाच त्याची आई वारली. पुढे आजीने त्याला मायेने वाढवले.

कुबड हे त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. कार्लच्या वडिलांना आणि आजोबांनाही ते होते. कार्ल इतर मुलांप्रमाणे धावू शकत नसे. मैदानावरचे खेळ त्याच्या नशिबात नव्हते. परंतु गणिताच्या वर्गात त्याची बरोबरी करणारे फार थोडे होते. 1883 साली त्याने ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्याने गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा कसून अभ्यास केला. त्याच्या सोबत्यांनी त्याचे टोपणनाव प्रोटियस असे ठेवले. प्रोटियस हा ग्रीक कथांमधील समुद्राचा एक देव. तो हवे तेव्हा हवे ते रूप घेऊ शके आणि त्याला जगातील अनेक गुपिते ठाऊक असत. कार्लला हे नाव इतके आवडले की पुढे त्याने ते आपल्या नावातच जोडून घेतले.

विद्यापीठात असताना कार्लचे लक्ष केवळ पुस्तकांकडे नव्हते. मजुरांना पुरेशी मजुरी मिळावी, गरिबांच्या मुलांनाही शिकता यावे, असे त्याला वाटे. तो समाजवादी तरुणांच्या गटात सामील झाला आणि त्यांच्या वर्तमानपत्राचे काम पाहू लागला. त्या काळी जर्मनीत समाजवादी चळवळीविरुद्ध कडक कायदा होता. पोलिसांची नजर कार्लवर पडली. अटक होण्याची चिन्हे दिसू लागली. 1888 साली त्याला घर, शहर आणि देश सोडून स्वित्झर्लंडला जावे लागले. डॉक्टरेटची पदवी अगदी हाताशी आली होती. ती तशीच राहून गेली.

स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात त्याने यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथे आस्मुसेन नावाच्या एका डॅनिश विद्यार्थ्याशी त्याची दोस्ती झाली. आस्मुसेन अमेरिकेला जायला निघाला तेव्हा त्याने कार्ललाही सोबत चलण्याचा आग्रह केला. कार्लजवळ पैसे नव्हते. भाड्याचे पैसे मित्रानेच भरले. 1889 साली दोघे जहाजाने न्यूयॉर्क बंदरात उतरले.

बंदरावर नव्या लोकांची तपासणी होत असे. जो धडधाकट नाही, ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याला परत पाठवले जाई. अधिकाऱ्याने कार्लकडे पाहिले. बुटका बांधा, पाठीला कुबड, खिसा रिकामा आणि इंग्रजी भाषाही नीट येत नाही! असा माणूस आपल्या देशात येऊन काय करणार, असे त्या अधिकाऱ्याला वाटले असावे. तो कार्लला परत पाठवण्याच्या विचारात होता. इतक्यात आस्मुसेन पुढे झाला. हा मोठा बुद्धिमान माणूस आहे आणि याची सर्व जबाबदारी माझ्यावर आहे, असे त्याने पटवून दिले. तेव्हा कुठे कार्लला अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवता आला.

अमेरिकेत कार्लचे चार्ल्स झाले. न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स नावाच्या गावी रुडॉल्फ आयकमायर यांचा कारखाना होता. आयकमायर स्वतःही कधीकाळी जर्मनीतून परागंदा होऊन आलेले होते. त्यांच्या कारखान्यात टोप्या बनवण्याची यंत्रे तयार होत. विजेच्या मोटारींवरही तेथे काम चाले. आयकमायर यांनी स्टाइनमेट्झ यांना यंत्रांचे नकाशे काढण्याचे काम दिले. पगार थोडा होता, पण मालक गुणांची कदर करणारा होता. थोड्याच दिवसांत त्यांनी या तरुणाला प्रयोग करण्यासाठी जागा आणि उपकरणेही दिली.

येथेच स्टाइनमेट्झ यांची लोखंडाशी गाठ पडली.

तो काळ विजेच्या मोठ्या बदलाचा होता. पूर्वी वीज एकाच दिशेने वाहत असे. आता प्रत्यावर्ती प्रवाह आला होता. हा प्रवाह क्षणात एका दिशेने वाहतो, तर क्षणात उलट दिशेने. आपल्या घरातील वीज अशीच असते. ती एका सेकंदात पन्नास वेळा पुढे जाऊन मागे येते. अशी वीज दूरवर नेणे सोपे असते. परंतु ती वापरणाऱ्या यंत्रांचे गाभे फार तापत. कधी कधी तारांवरचे आवरण जळून यंत्र निकामी होई.

गाभा का तापतो, हे आपण समजून घेऊ. लोखंडात अतिशय लहान लहान चुंबकांचे समूह असतात, असे समजा. वीज एका दिशेने वाहू लागली की ते त्या दिशेला तोंड करतात. वीज उलटली की त्यांनाही उलटे फिरावे लागते. पण ते लगेच फिरत नाहीत. थोडे मागे रेंगाळतात. त्यांना जबरदस्तीने वळवावे लागते आणि त्यासाठी वीज खर्च होते. तीच पुढे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. जपानमध्ये टोकिओ येथे शिकवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ यूइंग यांनी या रेंगाळण्याचा अभ्यास केला आणि त्याला हिस्टेरिसिस असे नाव दिले. ग्रीक भाषेतील मागे राहणे या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी हे नाव घेतले.

गाभा तापण्याचे दुसरेही एक कारण आहे. बदलत्या चुंबकत्वामुळे लोखंडाच्या अंगातच विजेचे प्रवाह निर्माण होतात. पाण्यातल्या भोवऱ्यासारखे ते आतल्या आत गोल गोल फिरतात आणि लोखंड तापवतात. यावर एक उपाय माहीत झाला होता. गाभा एका जाड ठोकळ्याचा न करता पातळ पत्र्यांच्या थरांचा करायचा आणि पत्र्यांमध्ये वीज न वाहणारे आवरण ठेवायचे. मग भोवऱ्यांना फिरायला जागाच उरत नाही. परंतु पत्रे कितीही पातळ केले तरी पहिले नुकसान होतच राहते, कारण ते लोखंडाच्या स्वभावात असते.

हे नुकसान होते, हे इंजिनिअरांना ठाऊक होते. ते किती होईल, हे मात्र आधी सांगता येत नसे. कारखान्यात यंत्र तयार करायचे, चालवून पाहायचे आणि फार तापले तर मोडून पुन्हा बनवायचे, अशी रीत होती. त्यात पैसा जाई, वेळ जाई आणि मेहनतही वाया जाई.

स्टाइनमेट्झ यांनी यूइंग यांच्या प्रयोगांचे छापलेले आकडे समोर ठेवले. लोखंडातील चुंबकत्व वाढत गेले की नुकसान कसकसे वाढते, ते ते पाहू लागले. वरवर पाहता त्या आकड्यांत काही मेळ दिसत नव्हता. पण गणित हा तर स्टाइनमेट्झ यांचा लहानपणापासूनचा सोबती होता. त्यांना त्या आकड्यांमागे एक नियम दिसला. 1890 साली त्यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला.

दुसऱ्याच्या आकड्यांवर ते थांबले नाहीत. यॉन्कर्सच्या कारखान्यात त्यांनी स्वतः मोजमापे सुरू केली. मऊ लोखंडाचे पत्रे, ओतीव लोखंड, पोलाद असे अनेक नमुने त्यांनी तपासले. रेंगाळण्यामुळे होणारे नुकसान किती आणि भोवऱ्यांमुळे होणारे किती, हे त्यांनी वेगवेगळे करून दाखवले. 19 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय 26 वर्षांचे होते. ज्या शहराच्या बंदरातून त्यांना परत पाठवण्याचे घाटत होते, त्याच शहरात अडीच वर्षांनी नामांकित अभियंते त्यांचे बोलणे कान देऊन ऐकत होते.

त्यांचा नियम काय सांगतो? गाभ्यातील चुंबकत्व दुप्पट केले तर प्रत्येक फेरीत होणारे नुकसान दुप्पट होत नाही आणि चौपटही होत नाही. ते सुमारे तिप्पट होते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर नुकसान चुंबकत्वाच्या 1.6 या घाताप्रमाणे वाढते. याशिवाय प्रत्येक प्रकारच्या लोखंडाला स्वतःचा एक आकडा असतो. हा आकडा लहान असेल तर लोखंड गाभ्यासाठी चांगले. मऊ लोखंडाच्या पातळ पत्र्याचा आकडा लहान निघाला. ओतीव लोखंडाचा आणि कडक पोलादाचा आकडा त्याच्या कित्येक पट मोठा निघाला. म्हणजे जे पोलाद तलवारीला किंवा कानशीला उत्तम, ते गाभ्याच्या कामी अगदी निरुपयोगी!

हा नियम निसर्गाच्या एखाद्या मोठ्या सिद्धांतातून निघालेला नव्हता. तो मोजमापातून निघालेला होता. म्हणून त्याला मर्यादाही होत्या. फार जोरदार चुंबकत्व असेल तर तो नीट लागू पडत नाही. तरीही त्याचा उपयोग फार मोठा झाला. आता यंत्र बनवण्याआधीच कागदावर हिशेब करता येऊ लागला. किती लोखंड लागेल, कोणते लागेल, किती तापेल, हे आधीच समजू लागले.

स्टाइनमेट्झ यांची कीर्ती पसरली. जनरल इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीने आयकमायर यांचा कारखाना विकत घेतला आणि स्टाइनमेट्झ त्या कंपनीत गेले. 1894 पासून स्केनेक्टडी हे गाव त्यांचे कायमचे घर झाले. 1893 साली शिकागो येथील परिषदेत त्यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाची गणिते सोप्या रीतीने सोडवण्याची पद्धत मांडली. तीच पद्धत आज जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवतात. त्यांना सुमारे 200 पेटंटे मिळाली. तारांवर आणि यंत्रांवर पडणाऱ्या विजेपासून बचाव कसा करावा हे शोधण्यासाठी 1922 साली त्यांनी प्रयोगशाळेतच एक लाखाहून अधिक व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. लोक त्यांना स्केनेक्टडीचा जादूगार म्हणू लागले.

एवढा मोठा माणूस, पण त्यांची राहणी साधी होती. उन्हाळ्यात ते नदीकाठच्या झोपडीवजा घरात जाऊन राहत. लहानशा होडीत आडवी फळी टाकून तिच्यावर कागद पसरत आणि पाण्यावर तरंगत तरंगत गणिते सोडवत. निवडुंगाची निरनिराळी झाडे जमवण्याचा त्यांना छंद होता. आपले कुबड आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून त्यांनी लग्न केले नाही. हेडन नावाच्या एका तरुण सहकाऱ्याला त्यांनी आपला मुलगा मानले. हेडन, त्यांची पत्नी आणि मुले त्यांच्याच घरात राहू लागली. ती मुले त्यांना आजोबा मानत. ते मुलांना गोष्टी सांगत आणि प्रयोग करून दाखवत. आईच्या मायेला पारखा झालेला मुलगा आता एका भरल्या घरातील आजोबा झाला होता.

तरुणपणी ज्या विचारांसाठी देश सोडावा लागला, ते विचारही त्यांनी सोडले नाहीत. स्केनेक्टडीच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी त्यांनी शाळेत खास वर्ग सुरू केले. नवी भाषा येत नसलेल्या माणसाची अडचण काय असते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

26 ऑक्टोबर 1923 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी, स्टाइनमेट्झ यांचे आपल्या घरी निधन झाले.

त्यांनी सुरू केलेले काम मात्र थांबले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील धातुशास्त्रज्ञ हॅडफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी लोखंडात थोडे सिलिकॉन मिसळून पाहिले. शंभर भागांत सुमारे तीन भाग सिलिकॉन मिसळले की गाभ्यातील दोन्ही प्रकारचे नुकसान कमी होते, असे दिसून आले. आज आपल्या नाक्यावरच्या डीपीत बहुधा अशाच पोलादाचे पातळ पत्रे असतात. त्या पेटीचा घूं घूं आवाजही याच पत्र्यांचा. चुंबकत्व उलटसुलट होताना ते किंचित ताणले जातात आणि आखडतात.

1930 साली जपानमध्ये कातो आणि ताकेई या शास्त्रज्ञांनी फेराइट नावाचा नवा पदार्थ शोधला. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडे मिसळून, चिनी मातीच्या भांड्यासारखे भट्टीत भाजून तो तयार करतात. तो काळा आणि ठिसूळ असतो. त्याच्यातून वीज सहजासहजी वाहत नाही, म्हणून भोवऱ्यांचा त्रास फारच कमी होतो. मोबाइलच्या चार्जरमध्ये वीज एका सेकंदात हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद होते. तेथे लोखंडी पत्र्यांचा गाभा असता तर तो अतिशय तापला असता. चार्जरमध्ये फेराइटचा लहानसा गाभा असतो, म्हणूनच तो खिशात मावतो.

हे गाभे निवडताना इंजिनिअर आजही एक सूत्र वापरतात. त्याचे नाव स्टाइनमेट्झ समीकरण. फेराइटसाठी त्यातील 1.6 हा आकडा बदलतो. वीज सेकंदाला किती वेळा उलटते, त्याचाही घात त्यात धरतात. पण पद्धत तीच आहे. नमुना घ्या, मोजा, त्याचा स्वभाव ओळखा आणि मगच त्याला कामाला लावा.

बंदरावरच्या त्या अधिकाऱ्याने स्टाइनमेट्झ यांना वरवर पाहिले होते. स्टाइनमेट्झ यांनी मात्र लोखंडाला कधी वरवर पाहिले नाही. चकचकीत दिसते म्हणून ते चांगले ठरत नाही आणि काळपट दिसते म्हणून वाईट ठरत नाही, हे त्यांनी मोजून दाखवले. धातूची पारख जशी बाहेरच्या रूपावरून होत नाही, तशी माणसाचीही होत नाही.

शब्दार्थ

सामसूम : शांतता
गाभा : आतला मधला भाग
वेटोळे : गोल गुंडाळी
परागंदा होणे : देश किंवा घर सोडून दूर निघून जाणे
रेंगाळणे : उशीर लावत मागे राहणे
ओतीव : वितळवून साच्यात ओतलेले
कानस : लोखंड घासण्याचे हत्यार
ठिसूळ : पटकन तुटणारे
पारख : चांगले-वाईट ओळखणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्टाइनमेट्झ यांचा जन्म कोठे झाला?
(आ) त्यांना आपला देश का सोडावा लागला?
(इ) हिस्टेरिसिस हे नाव कोणी दिले?
2. बंदरावर कोणता प्रसंग घडला, ते तुमच्या शब्दांत सांगा.
3. कारणे लिहा.
(अ) रोहित्राचा गाभा पातळ पत्र्यांचा करतात.
(आ) चार्जरमध्ये फेराइटचा गाभा वापरतात.
4. वाक्यात उपयोग करा : कान देऊन ऐकणे, कदर करणे, वाट्याला येणे.
5. उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.